सोनेरी तिवईची कुळकथा



जुन्या संस्थानिकांच्या वाड्यांत, एखाद्या पिढीजात श्रीमंत घराच्या दिवाणखान्यांत किंवा जुन्या सामानाच्या लिलावांत आपण एक वस्तु पुष्कळदां पाहिली असेल. कमरेएवढी उंच, तीन सडपातळ पायांची, सोन्यासारखी झगझगणारी अशी ती तिवई असते. पायांच्या तळाशीं बकऱ्याचे खूर किंवा सिंहाचे पंजे असतात, वरच्या टोकाला मेंढ्याचीं नाहीं तर वनदेवतांचीं मुखें असतात, मधल्या पोकळींत कधीं एखादा सर्प वेटोळें घालून वर चढत असतो, आणि माथ्यावर पसरट पात्र किंवा संगमरवराची चकती बसविलेली असते. घरांतील मंडळी तिच्यावर फुलदाणी ठेवतात. ही काय वस्तु म्हणून विचारलें तर "विलायती स्टँड" एवढेंच उत्तर मिळतें. ती सोन्याची नसून मुलाम्याची आहे असें कळलें म्हणजे पाहणाराचा उत्साह एकदम उतरतो. मुलामा म्हणजे खोटेपणा, असा आपल्या भाषेनेंच आपला ग्रह करून दिला आहे. "वरवरचा मुलामा" हा शब्दप्रयोग आपण माणसांच्या स्वभावालाहि लावतों. परंतु या मुलाम्यासाठीं जी किंमत मोजली गेली, ती कोणी मोजली हें पाहिलें म्हणजे त्याला हलका म्हणण्याचें धैर्य होत नाहीं. त्या किंमतीचा हिशेब आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम या वस्तूचें कूळ पाहूं. आपल्याकडे तिवई, अडणी, घडवंची हे शब्द जुने आहेत. पंगतींत मानाच्या पाहुण्याचें ताट अडणीवर ठेवीत. देवघरांत शंखाला तीन पायांची अडणी असते. पाण्याच्या घागरी घडवंचीवर राहत. यांतील शंखाची अडणी घेऊन ती मनांतल्या मनांत वीसपट वाढवावी, म्हणजे विलायती तिवईचा सांगाडा तयार झाला.

पाय तीनच कां? माझें आयुष्य मुलांना भूमिति शिकविण्यांत गेलें, तेव्हां याचें उत्तर देण्याचा मोह मला आवरत नाहीं. एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच सपाट पातळी जाऊं शकते. म्हणून जमीन कितीहि उंचसखल असली तरी तीन पायांची वस्तु डुगडुगत नाहीं. चौथा पाय आला कीं तंटा सुरू झाला. धडगांवच्या बाजूला, सातपुड्याच्या उतारावर राहणाऱ्या भिल्ल व पावरा लोकांना हा सिद्धांत शिकविण्याची गरज पडत नाहीं. तेथें चूल म्हणजे तीन दगड. त्यांवर मडकें बसलें कीं तें हलत नाहीं. आमच्या डोंगरांतील या तीन दगडांचा आणि पॅरिसच्या राजवाड्यांतील तिवईचा संबंध जोडणें कोणास ओढूनताणून आणल्यासारखें वाटेल, पण तो संबंध खरा आहे.

ग्रीस देशांतील तिवई म्हणजे मुळांत तीन पाय जोडलेलें रांधण्याचें भांडें. जंगम चूलच म्हणा ना. धातु दुर्मिळ, म्हणून असें भांडें घरांत असणें ही श्रीमंतीची खूण झाली, आणि शर्यतींत बक्षीस म्हणून तें देण्याची चाल पडली. होमरच्या 'इलियड' काव्याच्या तेविसाव्या सर्गांत कुस्तीच्या विजेत्यासाठीं ठेवलेल्या तिवईचें मोल १२ बैल सांगितलें आहे. त्याच कुस्तींत हरणाऱ्यासाठीं एक दासी ठेवली होती. तिचें मोल ४ बैल. माणसापेक्षां भांडें तिप्पट महाग! हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण अशा जातीचा हिशेब आपणांस पुढें पुन्हां लागणार आहे.

पुढें हें भांडें चुलीवरून देवळांत गेलें. डेल्फी येथील अपोलोची पुजारीण तिवईवर बसून भविष्य सांगे. इ. स. पूर्व ४७९ मध्यें प्लाटिआच्या रणांत इराणी सैन्याचा पराभव केल्यावर ग्रीक नगरांनीं लुटीच्या एका वांट्यांतून डेल्फीच्या देवाला सोन्याची तिवई वाहिली, आणि ती एकमेकांत पिळलेल्या तीन सर्पांच्या कांशाच्या स्तंभावर बसविली. स्तंभावर ३१ नगरांचीं नांवें कोरलीं. सव्वाशें वर्षें लोटलीं नाहींत तोंच फोकिस प्रांताच्या लोकांनीं, म्हणजे ग्रीकांनींच, युद्धाच्या खर्चासाठीं तें सोनें काढून नेलें. कांशाला कोणी हात लावला नाहीं. पुढें कॉन्स्टंटाइन बादशहानें तो स्तंभ आपल्या नव्या राजधानींत नेला, आणि आजहि तो इस्तंबूल शहरांतील जुन्या घोडदौडीच्या मैदानांत, सर्पांचीं मस्तकें गमावून, उभा आहे.

रोमन लोकांनीं ही तिवई ग्रीकांपासून उचलली आणि आपल्या घरांत मांडली. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या स्फोटांत हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई हीं नगरें राखेखालीं गाडलीं गेलीं, तेव्हां तेथील तिवयाहि गाडल्या गेल्या. हर्क्युलेनियमचें उत्खनन १७३८ मध्यें व पॉम्पेईचें १७४८ मध्यें सुरू झालें, आणि जुनीं कांशाचीं भांडीं, दिवे, समया, तिवया जशाच्या तशा बाहेर येऊं लागल्या. नेपल्सच्या राजाच्या आश्रयानें १७५७ पासून त्या वस्तूंच्या चित्रांचे भव्य ग्रंथ निघाले. ते पाहून युरोपांतील धनिकांना प्राचीनाचें वेड लागलें. त्यापूर्वीं फ्रान्समध्यें शिंपल्या, वेली, वळणें आणि वांकणें यांची फार हौस होती. आतां सरळ रेषा, माळा, मेंढ्यांचीं शिंगें आणि देवळांचे खांब यांचा काल आला. या वळणालाच नव-अभिजात शैली म्हणतात. मुंबईच्या श्रोत्यांना तिचें उदाहरण हवें असेल तर त्यांनीं एशियाटिक सोसायटी जेथें आहे तो १८३३ सालचा टाउन हॉल डोळ्यांपुढें आणावा. त्याचे ग्रीक खांब याच लाटेबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले.

जोसेफ-मारी व्हिएन नांवाच्या फ्रेंच चित्रकारानें १७६३ मध्यें एका अथेन्सवासी सुशील स्त्रीचें चित्र काढलें. ती तिवईवर धूप घालीत आहे. चित्र गाजलें, त्याचे छाप निघाले. दहा वर्षांनीं, १७७३ मध्यें, एबर्ट्स नांवाच्या एका पेढीवाल्या रसिकानें त्या चित्रांतील तिवईवरून खरी तिवई तयार करवून तिला 'अथेनियेन' म्हणजे अथेन्सवासिनी असें नांव दिलें आणि वर्तमानपत्रांत तिची जाहिरात केली. तिच्यावर धूप जाळावा, तिच्यांत फुलझाडें लावावीं, रंगीत मासे ठेवावे, कॉफी ऊन करावी, असे एकाच वस्तूचे अनेक उपयोग त्यानें सुचविले. जाहिरातदारांची जात तेव्हांहि हीच होती. धंद्याच्या दृष्टीनें त्याची हिकमत नामी ठरली. पुढें नेपोलियनसाठीं पेर्सिए याच्या नकाशाबरहुकूम बिएने नांवाच्या सोनारानें अशीच एक तिवई तोंड धुण्याचें पात्र ठेवण्यासाठीं केली. तुइलेरीच्या राजवाड्यांत ती त्याच्या वापरांत होती. राज्य गेलें, सेंट हेलेनाच्या बेटावर जावें लागलें, तेथेंहि ती बरोबर गेली. आतां ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे.

पण या जातीच्या तिवयांची राणी म्हणावी अशी वस्तु त्यापूर्वींची. ती लंडनच्या वॉलेस संग्रहालयांत आहे. जॅस्पर नांवाच्या लाल दगडाचें धूपपात्र, त्याखालीं बकऱ्याच्या खुरांचे तीन सोनेरी पाय, मध्यें सर्प. पिएर गुतिएर या कारागिरानें ती १७७५ च्या सुमारास ड्यूक दोमों या सरदारासाठीं घडविली. सरदार वारल्यावर १७८२ मध्यें त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हां ही तिवई मारी आंत्वानेत राणीसाठीं १२,००० लिव्हर देऊन घेण्यांत आली. गुतिएर हा धातूवर कोरीव काम करण्यांत आणि मुलामा चढविण्यांत त्या काळचा पहिल्या प्रतीचा माणूस. कांहीं भाग आरशासारखा झळाळता आणि कांहीं भाग मऊ, निस्तेज सोन्याचा ठेवण्याच्या कलेंत त्याचें नांव झालें. एवढें असून त्याचें दिवाळें निघालें. द्यु बारी बाईंकडे त्याचें मोठें देणें राहिलें होतें. १७९३ मध्यें क्रांतिकारकांनीं तिचाच शिरच्छेद केला, मग देणें कोण फेडणार? गुतिएर १८१३ मध्यें दारिद्र्यांत मेला.

येथें एक गोष्ट सांगून पुढें जातों. या तिवयांची चलती होती त्याच काळीं, १७७७ सालीं, सेंट ल्युबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ सोळाव्या लुईचा वकील म्हणून पुण्यास आला. नाना फडणिसांनीं त्याचा सत्कार करतांच इंग्रजांच्या पोटांत गोळा उठला, आणि पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाच्या कारणांत या भेटीचीहि गणना होते. एकाच राजाच्या अमदानींत पॅरिसच्या कारखान्यांतून सोनेरी तिवया निघत होत्या आणि पुण्याच्या दरबारांत त्याच्या नांवानें मसलती चालल्या होत्या. आपण इतिहास शिकतों तेव्हां हीं दोन चित्रें शेजारीं ठेवीत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. ही तिवई सोनेरी होते कशी?

पितळेसारख्या मिश्र धातूची ओतीव वस्तु प्रथम कानशीनें व छिन्नीनें साफ करीत. नंतर सोन्याचा पातळ पत्रा कातरून त्याचे तुकडे मुशींत तापवीत, आणि त्यांवर सुमारें आठपट पारा ओतीत. सोनें पाऱ्यांत विरघळून लोण्यासारखा गोळा होई. तो कातड्यांतून पिळून जास्तीचा पारा काढून टाकीत. वस्तूवर आधीं तेजाबांत विरघळलेल्या पाऱ्याचा हात फिरवून, तारेच्या कुंचल्यानें तो गोळा सर्वत्र सारखा फांसीत. या अवस्थेंत वस्तु चांदीसारखी पांढरी दिसे. मग ती कोळशाच्या निखाऱ्यांवर धरावयाची. पारा ३५७ अंश उष्णतेला उकळतो. सोनें वितळावयास १०६४ अंश लागतात. या दोन आंकड्यांतील अंतरावर सारा धंदा उभा होता. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोन्याचा पातळ थर मागें राही. कारागीर वस्तु वारंवार विस्तवावरून काढी, कुंचल्यानें तो गोळा सारखा करी, पुन्हां विस्तवावर धरी. शेवटीं अकीकाच्या किंवा लोहमण्याच्या घोटणीनें हव्या त्या जागीं ओप देई. मोठ्या कामावर ही क्रिया दोनदां, तीनदां करावी लागे. अशा रीतीनें चढलेलें सोनें धातूच्या अंगांत मुरलेलें असतें, म्हणून दोन-अडीचशें वर्षें झालीं तरी पुष्कळ तिवया तशाच झळकतात.

पारा उडून जाई असें मीं म्हटलें. तो कोठें जाई? शेगडीवर वांकलेल्या माणसाच्या नाकांत जाई. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाहीं, तिला वास नाहीं, घशाला ठसका लागत नाहीं. प्रथम हिरड्या सुजत, मग दांत हलूं लागत. नंतर हातांना कंप सुटे. ज्या हातांवर पोट, तेच थरथरूं लागल्यावर पुढचें काय सांगावें! शेवटीं बोबडी वळे, झोंप जाई, बुद्धि भ्रमे. या कारागिरांपैकीं चाळिशी ओलांडणारे थोडे असत असें इतिहासकार सांगतात. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत मुलामा चढविणारांचें स्वतंत्र प्रकरण आहे. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदाहि विचारावा, हा नियम वैद्यांना घालून देणारा हाच गृहस्थ. म्हणजे तिवई राणीच्या महालांत गेली त्याच्या ऐंशी वर्षें आधीं ही गोष्ट छापील ग्रंथांत आलेली होती. ती कोणाला ठाऊक नव्हती असें म्हणण्यास जागा नाहीं. ठाऊक असून काम चालत होतें, कारण मागणी होती, आणि माणसाचें मोल होमरच्या काळापेक्षां फारसें वाढलेलें नव्हतें.

या काळोखांत एक माणूस मला फार आवडतो. त्याचें नांव आंत्वान-आंद्रे राव्रियो. तो पॅरिसमधील मोठा धातुकाम-व्यापारी, नेपोलियनच्या राजवाड्यांना सामान पुरविणारा. फावल्या वेळांत कविता करी, त्या कशा होत्या हा प्रश्न वेगळा. आपल्या कारखान्यांतील माणसें डोळ्यांदेखत झिजतांना त्यानें पाहिलीं. १८१४ मध्यें तो वारला तेव्हां मृत्युपत्रांत एक कलम निघालें: मुलामा चढविणाऱ्या कामगारांचा पाऱ्यापासून बचाव करण्याचा उपाय जो शोधून काढील त्याला ३,००० फ्रँक द्यावे. तें बक्षीस दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळालें, आणि त्याचा या विषयावरील ग्रंथ १८१८ मध्यें प्रसिद्ध झाला. उपाय पाहिला तर साधा आहे. शेगडीवर धुराडें बांधावयाचें आणि त्याला ओढ राहावी म्हणून शेजारीं दुसरी लहान भट्टी पेटती ठेवावयाची, म्हणजे वाफ कामगाराकडे न येतां वर खेंचली जाते. आपल्या स्वयंपाकघरांत धूर कोंडूं नये म्हणून जें करावयाचें तेंच. राणीच्या तिवईची किंमत १२,००० आणि साऱ्या धंद्याच्या फुप्फुसांची किंमत ३,०००. दोन्हीं नाणीं वेगळीं, काळहि वेगळा, तरी हे दोन आंकडे मला एकाच पानावर लिहून ठेवावेसे वाटतात.

धुराडें निघालें म्हणून सगळे वांचले असें झालें नाहीं. रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथील सेंट आयझॅक मंदिराचा घुमट १८४० च्या आसपास याच रीतीनें सोन्यानें मढविला गेला. त्या कामावर ६० माणसें पाऱ्याच्या वाफेनें दगावलीं असें सांगतात. खरी सुटका झाली ती विजेनें. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनीं १८४० मध्यें विद्युत्प्रवाहानें सोनें-चांदी चढविण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. आज शहरांतील सराफ ज्याला सोन्याचें पाणी देणें म्हणतो, ज्यांतून 'एक ग्रॅम'चे दागिने निघतात, ती याच रीतीची संतति. तिच्यांतहि सायनाइडासारखें जहाल विष लागतें, पण तें काचेच्या टाकींत राहूं शकतें.

कारागिरांचीं नांवें विचाराल तर गुतिएरसारखीं चार-दोन. विस्तवापुढें बसणाऱ्यांचीं नांवें तिवईवर नसतात. आपल्याकडेहि निराळें नाहीं. पेशवाईच्या अखेरच्या काळांत पुण्यांत गंगाराम तांबट नांवाचा चित्रकार होऊन गेला. त्यानें इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठीं वेरूळचीं लेणीं चितारलीं, म्हणून तो आपणांस माहीत आहे. त्याच्या आळींतील ज्या तांबटांनीं घरोघर हंडे-घंगाळीं पुरविलीं त्यांतील किती जणांचीं नांवें उरलीं?

इंग्लंडांत ही तिवई जेम्स स्टुअर्ट यानें नेली. तो अथेन्सला जाऊन तेथील अवशेषांचीं मोजमापें घेऊन आला होता, म्हणून त्याला लोक 'अथेनियन' स्टुअर्ट म्हणत. त्याच्या नमुन्याची सोनेरी तिवई डर्बीशायरमधील केडलस्टन हॉल या वाड्यांत आहे. हा वाडा आपल्याला परका नाहीं. वेलस्ली यानें १८०३ मध्यें कलकत्त्यास जें भव्य गव्हर्न्मेंट हाउस पुरें करविलें तें याच वाड्याच्या नमुन्यावर. वसईच्या तहानें दुसऱ्या बाजीरावाला जखडणारा वेलस्ली तो हाच. आणि पुढें याच केडलस्टनमध्यें जन्मलेला कर्झन त्या कलकत्त्याच्या नकलेंत व्हाइसरॉय म्हणून येऊन राहिला. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील कारखान्यांत मॅथ्यू बोल्टन यानें १७६८ च्या सुमारास असल्या मुलाम्याच्या वस्तु काढण्यास आरंभ केला. वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉटचा भागीदार म्हणून आपण त्याला ओळखतों. बर्मिंगहॅम आणि त्याच्या भोंवतालचा मुलूख हा धातुकामाचा मुलूख. हें नांव लक्षांत असूं द्यावें.

अशा वस्तु हौसेनें जमविणारे आपल्या मुंबईंतहि निघाले. त्यांत अग्रगण्य म्हणजे जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा. त्यांचा जन्म १८७१ सालचा. लंडनजवळ ट्विकेनहॅम येथें त्यांनीं १९०६ मध्यें यॉर्क हाउस हा जुना प्रासाद विकत घेतला, आणि युरोप व चीन-जपानमधील चित्रें, चिनी मातीचीं भांडीं, धातुकाम, कोरीव दगड यांचा मोठा संग्रह केला. १९१८ मध्यें ते वारले. पुढें हा संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयास मिळाला. थोरले बंधु सर दोराब यांचाहि संग्रह १९३३ मध्यें तेथेंच आला. या संग्रहालयाचा पाया १९०५ मध्यें घातला गेला, विटेट या वास्तुकारानें इमारत बांधली, पहिल्या महायुद्धांत तिचें इस्पितळ झालें, आणि १९२२ मध्यें तें लोकांना खुलें झालें. आज त्याला छत्रपति शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय म्हणतात. युरोपीय कारागिरी पाहावयाची तर मराठी माणसाला याहून जवळची जागा नाहीं.

पण सर रतन यांचें नांव मीं काढलें तें केवळ संग्रहासाठीं काढलें नाहीं. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेंतील लढ्याला १९०९ मध्यें त्यांनीं २५,००० रुपये पाठविले, गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाहि त्यांची भरघोस मदत होती, पाटलिपुत्राच्या उत्खननाला त्यांचा पैसा लागला. हें बहुतेकांना ठाऊक असेल. त्यांचें आणखी एक दान मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १९१२ मध्यें त्यांनीं लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड देऊं केले. कशासाठीं, तर दारिद्र्याचीं कारणें आणि त्याच्या निवारणाचे मार्ग यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठीं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें 'रतन टाटा फाउंडेशन' या नांवानें तो विभाग निघाला, आणि त्याचा पहिला संचालक झाला आर. एच. टॉनी, जो पुढें इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाला. टॉनीचा १९१४ मधील ग्रंथ कशावर असावा? बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस कांहीं मैलांवर असलेल्या क्रॅडली हीथ या गांवांतील लोखंडी सांखळ्या घडविणाऱ्या मजुरांच्या वेतनावर.

तेथें बारीक सांखळ्यांचें काम बायका करीत. घराच्या मागल्या छपरांत भट्टी, एका हाताशीं भाता, ऐरणीजवळच पोरें, आणि दिवसभर हातोडा. १९१० मध्यें कायद्यानें त्यांचा किमान दर तासाला अडीच पेन्स ठरला, पूर्वीच्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट. मालक तो देईनात, तेव्हां मेरी मॅकआर्थर या बाईंच्या पुढारीपणाखालीं शेंकडों बायकांनीं दहा आठवडे काम बंद ठेवलें आणि दर पदरांत पाडून घेतला. दर वाढला तर धंदा बुडेल अशी ओरड होतीच. टॉनीनें जाऊन हिशेब तपासला, आणि ती भीति खरी ठरली नाहीं असें दाखविलें. इंग्लंडच्या गरीब लोहारणींच्या मजुरीचा हिशेब एका हिंदी माणसाच्या पैशानें, आणि तोहि सुंदर वस्तूंच्या नादी माणसाच्या पैशानें, मांडला गेला. हौसेनें वस्तु जमविणारे हजार असतील. वस्तु घडविणाराच्या घरांत काय शिजतें याची चौकशी पदरच्या पैशानें करविणारा मला तरी राव्रियोनंतर हाच दिसतो. संग्रहालयांत त्यांचें नांव वाचणाऱ्यांनीं त्या सांखळीच्या भट्ट्याहि आठवाव्या.

पाऱ्याची गोष्ट मात्र संपली म्हणतां येत नाहीं. जगांत आजहि लाखों गरीब माणसें, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आग्नेय आशियांतील लहान खाणींत, वाळूंतील सोन्याचे कण पाऱ्यानें गोळा करतात आणि तो गोळा उघड्या विस्तवावर जाळतात. माणसाच्या हातून हवेंत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा उगम सध्यां हाच आहे. २०१३ मध्यें पाऱ्यासंबंधीं मिनामाता या नांवानें आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ पासून तो अंमलांत आला, आणि हिंदुस्थानानें त्याला २०१८ मध्यें मान्यता दिली. मिनामाता हें जपानमधील गांव. तेथें एका कारखान्यानें समुद्रांत सोडलेल्या पाऱ्यानें मासे खाणाऱ्या कोळ्यांचे काय हाल झाले तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

शेवटीं, आपल्या कोणाच्या घरीं अशी जुनी तिवई असेल तर ती पाऱ्याची कीं विजेची हें ओळखण्याच्या एकदोन खुणा सांगतों. विजेचें सोनें सर्वत्र सारखें, आंतल्या कोपऱ्यांतहि चढलेलें असतें. पाऱ्याच्या कामांत कारागीर सोनें वांचवी, त्यामुळें पायांची मागची बाजू, चकतीची खालची बाजू पुष्कळदां कोरी पितळी राहते, आणि तेथें कडेला कुंचल्याचे ओघळ दिसतात. दर्शनी भागावर झळाळी आणि मऊपणा असे दोन पोत शेजारीं शेजारीं असले तर बहुधा तें पाऱ्याचेंच काम. अशी वस्तु फुलदाणी ठेवण्यास खुशाल वापरावी. ती चिंचेनें अगर राखेनें घांसूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी. आणि एखादा पाय निखळला, डाग देण्यासाठीं सोनाराकडे न्यावी लागली, तर तिच्या मुलाम्यांत थोडा पारा अजून शिल्लक असतो, तेव्हां ती भट्टीजवळ नेण्यापूर्वीं त्याला तें आधीं सांगावें.